फिशरचे बटाटे आणि माझी जुनी चूक

परवा भाचीने प्रबंधाचं एक पान पाठवलं. एका वाणावर खताचा परिणाम 'सिग्निफिकंट', दुसऱ्यावर नाही, म्हणून खताचा गुण वाणावर अवलंबून! हसूच आलं. मीही एके काळी माझ्या प्रबंधात हेच लिहिलं होतं, आणि ते खपलंही. अहो, एका वाणाचे प्लॉट कमी असले तरी परिणाम निसटतो. तपासायचा असतो तो दोन परिणामांमधला फरक.

हा फरक नीट तपासला गेला तो बटाट्यांवर. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला रोनाल्ड फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी १९२३ साली बारा वाणांचा हिशोब छापला. शेणखत आहे किंवा नाही; पोटॅश नाही, सल्फेटमधून किंवा क्लोराइडमधून; अशा सहा तऱ्हा. वाणागणिक खताला मिळणारा प्रतिसाद बदलतो, असा तेव्हा समज होता.

आजच्या रिग्रेशनच्या भाषेत बारा वाणांचे शून्य-एकचे अकरा स्तंभ, सहा तऱ्हांचे पाच आणि त्यांच्या गुणाकारांचे पंचावन्न. मॉडरेशन म्हणतात ते या पंचावन्नांत. ते एकगठ्ठा तपासायचे, त्यातला एखादा आवडता उचलायचा नाही. फिशरला तिथे शेतातल्या नेहमीच्या चढउतारापलीकडे काही सापडलं नाही. समज उभा राहीना.

मला खरी आवडते ती पुढची गोष्ट. खत उत्पन्नात भर घालतं की त्याला गुणतं? एक वाण १० वरून १५ वर गेला, दुसरा २० वरून ३० वर. वजाबाकी केली तर प्रतिसाद वेगळा, भागाकार केला तर अगदी सारखा! फिशरने बेरजेपेक्षा गुणाकाराचं सूत्र पसंत केलं.

आणि चूक त्याचीही झाली होती. पोटॅश प्लॉटमधल्या ओळींना दिलेलं, वाण अख्ख्या प्लॉटला. दोन्हींना एकच त्रुटी लावून चालत नाही. १९२५ च्या पुस्तकात त्यातल्याच काही आकड्यांवर त्याने हिशोब सुधारून मांडला. (आपल्याकडे हे शास्त्र शेतकी कॉलेजांत पोचवलं पानसे-सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकाने.)

असो. भाचीने गुणाकाराचे स्तंभ घातलेत. आता उत्पन्नाचा लॉग घ्यायचा की नाही यावर काल फोनवर अर्धा तास वाद झाला. अजून मिटलेला नाही.