वास म्हणजे रोग? मुंबईच्या नाकाची गोष्ट

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल तर आज एक काम करा. कान माझ्याकडे द्या, नाक मात्र मोकळं ठेवा. कारण आजचा विषय आहे वास.

वेस्टर्न लाईनवर ज्यांनी काही वर्षं काढलीत त्यांना दोन वास पाठ असतात. एक विलेपार्ल्याचा. तिथल्या बिस्किटाच्या कारखान्यातून भाजलेल्या बिस्किटांचा असा काही घमघमाट यायचा की डोळे मिटून पेंगणाऱ्यालाही स्टेशन कळायचं. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि तो वासही गेला. दुसरा वास माहीम आणि वांद्र्याच्या मधला, मिठी नदीच्या खाडीचा. तो आला की अर्धा डबा रुमाल काढतो. एका वासाने माणसं सुखावतात, दुसऱ्याने तोंड फिरवतात, आणि दोन्ही वेळेला आपण विचार करून काही ठरवलेलं नसतं. नाक आधी ठरवतं, डोकं मागाहून येतं.

असं का होतं? डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या एका चौकीतून पुढे जातं. वासाचा रस्ता मात्र जवळचा आहे. नाकाच्या वरच्या भागातल्या पेशींकडून निघालेला संदेश घ्राणकंदात जातो, आणि तिथून थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचतो. म्हणूनच फोडणीच्या एका वासाने आजीचं अख्खं घर डोळ्यांसमोर उभं राहतं, पण त्या वासाचं वर्णन करायला सांगितलं की आपण अडखळतो. नाकातले हे वास ओळखणारे रिसेप्टर कुठल्या जनुकांमुळे तयार होतात, हे लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल या दोघांनी १९९१ मध्ये दाखवलं. त्याबद्दल त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात असे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर काम करतात.

विज्ञान इतकं पुरे. आता खरी गोष्ट. ही गोष्ट आहे नाकावर फार विश्वास ठेवल्यामुळे एका शहराचं काय झालं त्याची.

शेकडो वर्षं जगातल्या शहाण्यासुरत्या माणसांना वाटायचं की रोग घाण वासातून पसरतो. सडलेल्या वस्तूंतून, दलदलीतून, गर्दीच्या वस्तीतून एक दूषित हवा उठते आणि ती श्वासातून आत गेली की माणूस आजारी पडतो. इंग्रजीत या हवेला मायझ्मा म्हणायचे. मलेरिया हा शब्दच बघा ना, इटालियन भाषेत त्याचा अर्थ होतो ‘वाईट हवा’. सतराव्या शतकात युरोपातले काही प्लेगचे डॉक्टर चोचीसारखा मुखवटा घालायचे आणि त्या चोचीत सुगंधी वनस्पती भरायचे. रोग वास असेल तर त्यावर औषधही वासाचंच!

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये एडविन चॅडविक नावाचा मोठा सुधारक होता. उग्र वास हाच रोग, असं त्याने १८४६ मध्ये पार्लमेंटच्या समितीसमोर सांगितलं. १८५४ मध्ये जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरला हे दाखवून दिलं, तरी बहुतेकांना ते पटलं नाही. मग आला १८५८ चा उन्हाळा. थेम्स नदी म्हणजे तेव्हा उघडं गटार झालेली. उकाड्याने तिचा असा दर्प सुटला की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याच्या क्लोराईडमध्ये भिजवावं लागलं. जी दुर्गंधी गरिबांच्या वस्तीत वर्षानुवर्षं होती, ती खासदारांच्या नाकात शिरली आणि काही आठवड्यांत कायदा पास झाला! जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने शहराखालून मोठमोठी भुयारी गटारं काढली. वास कमी व्हावा म्हणून केलेलं काम, पण त्यामुळे घाण पाणी पिण्याच्या पाण्यापासून दूर गेलं आणि कॉलरा ओसरला. म्हणजे कारण चुकीचं, उपाय मात्र बरोबर.

मुंबईचं नशीब एवढं चांगलं नव्हतं.

साल १८९६. मुंबईची वस्ती आठ लाखांच्या आसपास. गिरण्या जोरात, बंदर जोरात, आणि मांडवी भागात धान्याच्या वखारी ठासून भरलेल्या. सप्टेंबरमध्ये तिथल्या रुग्णांना तपासताना डॉ. अकाशियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हा साधा ताप नाही, ही प्लेगची गाठ आहे. प्लेगचा जंतू दोनच वर्षं आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सँने शोधला होता. म्हणजे जंतू माहीत होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे नक्की ठाऊक नव्हतं. आणि जिथे माहिती संपते तिथे जुनी समजूत पुढे सरसावते. प्रशासनाने नाकावर विश्वास ठेवला.

मग सुरू झाली वासाविरुद्धची लढाई. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं गेलं. घरांना चुना फासला गेला. ऊन आणि हवा आत यावी म्हणून छपरांना भोकं पाडली. लोकांच्या चीजवस्ता जाळल्या. ज्या खोल्या राहायला लायक नाहीत असं ठरलं, त्यांच्या भिंतींवर इंग्रजीत ‘यू. एच. एच.’ ही अक्षरं रंगवली, म्हणजे ‘माणसाने राहायला अयोग्य’. जरा कल्पना करा, दिवसभर गिरणीत राबून घरी यावं आणि आपल्याच दारावर ती अक्षरं दिसावीत. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. हो, तोच कायदा, जो २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी आपल्याकडे पुन्हा वापरला गेला. घराघरांत शिरून तपासण्या झाल्या. पुण्यात त्या तपासण्यांतल्या जुलमातून काय घडलं, रँडचा वध आणि चापेकर बंधू, हे तुम्ही शाळेत शिकलेला आहात.

आणि या सगळ्या काळात उंदीर काय करत होते? मरत होते. मांडवीच्या वखारींत, चाळींत, जिन्यांखाली. लोकांना ते दिसत होतं. पण ज्याच्या नाकात फक्त दुर्गंधीच भरली आहे, त्याला मेलेला उंदीर म्हणजे घाणीचा आणखी एक पुरावा वाटतो, रोगाचा धागा वाटत नाही. तो धागा १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरच्या हाती लागला. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते! त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही. पुढे काही वर्षांनी परळच्या प्रयोगशाळेतून ग्लेन लिस्टन आणि प्लेग आयोगाने गिनीपिग वापरून तीच गोष्ट पक्की सिद्ध केली. कार्बोलिकच्या वासाने पिसू शरण येणार नव्हती.

त्याच काळात दुसऱ्या बाजूला खरं काम करणारी माणसंही होती. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला. लोक ज्यांच्यापासून नाक दाबून लांब पळत होते, त्यांना सावित्रीबाई जवळ घेत होत्या. रुग्णांची सेवा करतानाच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, झालं गेलं, सव्वाशे वर्षं उलटली. पण थांबा. त्या वासाच्या समजुतीवर आपण आजही चालतो, अगदी शब्दशः. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्या फोडून समुद्राची मोकळी हवा शहरात आणायची, हा त्याचा एक मोठा हेतू. मरीन लाईन्सकडून आत शिरणारी प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, या विचारातूनच कापून काढलेली आहे. दादर, माटुंग्याचे आखीव रस्ते आणि पाच उद्यानं हीसुद्धा त्याच ट्रस्टची देणगी. तिथे संध्याकाळी फिरायला गेलात तर छान वाटतं, यात शंका नाही. पण ज्यांच्या चाळी पाडल्या गेल्या त्या सगळ्यांना नवी घरं मिळाली नाहीत. ते शेजारच्या गल्लीत, आणखी दाटीत जाऊन राहिले. वारा एकाच्या वाट्याला आला आणि गर्दी दुसऱ्याच्या.

मला या इतिहासातली सगळ्यात बोचणारी गोष्ट ही वाटते. वासाचा राग बघता बघता माणसांवर निघतो. ‘ही जागा घाण आहे’ हे वाक्य ‘ही माणसं घाण आहेत’ असं कधी होतं ते कळतच नाही. कातडी कमावण्याचे कारखाने शहराबाहेर ढकलले गेले तेव्हा ते धारावीत गेले. त्यांच्याबरोबर ते काम करणारे गेले, आणि पुढे वास व माणूस यांचं एकच नाव पडलं. ज्यांच्या वाट्याला जातीने हे काम आलं त्यांना तर हे कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

आणि आज? मुंबईत भाड्याचं घर शोधून बघा. ‘मासे खाता का?’ हा प्रश्न येतोच. कारण काय, तर जिन्यात वास येतो. ज्या बेटांवर कोळ्यांची वस्ती सगळ्यांच्या आधीपासून आहे, जिथे दोऱ्यांवर वाळणारे बोंबील शहरापेक्षा जुने आहेत, तिथेच बोंबलाचा वास परका ठरतो. सुके बोंबील भाजताना वास उग्र येतो, कबूल. पण हिंगाचा वास काय सौम्य असतो? कुठला वास खमंग आणि कुठला उग्र, हे बहुतेक वेळा नाक ठरवत नाही. लहानपणी ज्या स्वयंपाकघरात वाढलो ते ठरवतं.

मग नाकाचं काही ऐकूच नये का? तसंही नाही. नाक सावध करतं, पण निकाल द्यायचं काम त्याचं नाही. याची दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं तुमच्या स्वयंपाकघरातलं. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा ओळखू येईल असा वास नसतो! आपण ज्याला ‘गॅसचा वास’ म्हणतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ ला बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला. जवळपास ३०० जीव गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा झाला. म्हणजे ज्या घाण वासाला आपण नाक मुरडतो, तो आपला पहारेकरी आहे. तो आला की बटणांना हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करायचा आणि खिडक्या उघडायच्या.

दुसरं उदाहरण रस्त्याखालचं. गटारात हायड्रोजन सल्फाईड नावाचा वायू साठतो. सडक्या अंड्यासारखा वास. प्रमाण थोडं असेल तर नाकाला लगेच कळतं. पण प्रमाण वाढलं की हा वायू वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास येईनासा होतो, आत उतरलेल्या माणसाला वाटतं हवा सुधारली, आणि तिथेच घात होतो. हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ मध्ये आणि मग २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली. गटारात जीव गेलेल्यांच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसं अजून उतरताहेत. आपल्या घरात वास येऊ नये म्हणून.

१८९६ च्या मुंबईने वासाला रोग समजून उंदरांकडे दुर्लक्ष केलं. आपण वास आला नाही की सगळं ठीक आहे असं समजून मॅनहोलकडे दुर्लक्ष करतो. दोन्हीकडे नाकाने सांगितलं तेवढंच खरं मानलं गेलं.

तर मंडळी, उद्या माहीमची खाडी आली की रुमाल जरूर काढा, त्यात काही गैर नाही. फक्त एक प्रश्न मनात येऊ द्या. हा वास आला कुठून, आणि त्याच्या सगळ्यात जवळ कोण राहतं? इतिहासाचा अभ्यास म्हणजे तरी वेगळं काय असतं!

तुमच्या गावाचा, गल्लीचा असा एखादा वास असेल, आता नसलेला किंवा अजून टिकून असलेला, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. निवडक आवाज पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि ऐकत राहा.