मॉरिशसमधील ‘भटक्यां’चा डेपो आणि सरकारी देखरेख

एके काळी महाराष्ट्राच्या बाजारपेठांत शुभ्र साखरेस ‘मोरस’ म्हणत. ती ज्या मॉरिशस बेटातून येई, तेथील उसाच्या मळ्यांवर कलकत्ता व मद्रास येथून गेलेल्या मजुरांबरोबर मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही राबत होते. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर या बेटावर उतरले. त्यांच्या संरक्षणासाठी नेमलेली सरकारी देखरेख निष्प्रभ का ठरली आणि ती जागी कशामुळे झाली, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

देखरेख मुळीच नव्हती, असे म्हणता येणार नाही. भरतीतील फसवणुकीचे व मजुरांना डांबून ठेवण्याचे प्रकार उघडकीस आल्यावर १८३८ साली कलकत्त्यास चौकशी समिती नेमली गेली आणि मजुरांची रवानगी काही वर्षे बंद पडली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मॉरिशसमध्ये ‘स्थलांतरितांचा संरक्षक’ हा अधिकारी नेमण्यात आला. मजुरांच्या नोंदी ठेवणे व त्यांच्या तक्रारी ऐकणे हे त्याचे काम होते.

तथापि कराराची मुदत संपविलेला मजूर कायद्याने मोकळा झाला, तरी मळेवाल्यांना तो मोकळा नको होता. नवा करार करण्यास त्याने नकार दिला, तर मजुरीचे दर चढणार, हे उघड होते. १८६७ च्या अधिनियमाने अशा प्रत्येक ‘जुन्या स्थलांतरिता’ने स्वतःचे छायाचित्र असलेले तिकीट आणि पोलिसांचा परवाना सतत जवळ बाळगला पाहिजे, असे ठरविले. कागद जवळ नसलेला माणूस ‘भटक्या’ ठरे. पोलीस अशांना जथ्याने पकडीत आणि ग्रँड रिव्हर येथील डेपोत अडकवून त्यांच्याकडून सक्तीने काम करवून घेतले जाई. याच सुमारास हिवतापाच्या साथीने बेटावर हजारो माणसे दगावली होती व गरिबी वाढली होती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या कायद्याची कठोरता अधिक स्पष्ट होते.

या सर्व काळात संरक्षकाचे कार्यालय चालूच होते. परंतु तिकिटे देणारे खाते स्थलांतरितांचेच असल्यामुळे संरक्षण व नियंत्रण ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेत मिसळली. जिच्याविरुद्ध तक्रार करावयाची तिच्याच दारी दाद मागण्याची पाळी मजुरांवर आली.

ही कोंडी बाहेरून फुटली. १८७१ साली आडॉल्फ द प्लेविट्झ या मळ्याच्या व्यवस्थापकाने जुन्या स्थलांतरितांचा अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. मळेवाल्यांनी त्याच्या हद्दपारीची मागणी केली. त्याच्यावर भररस्त्यात हल्लाही झाला. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी मात्र अर्जाची दखल घेऊन पोलिसांच्या वर्तनाची चौकशी करविली. पुढे १८७२ मध्ये इंग्लंडहून शाही आयोग आला. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत आयुष्य घालविलेले विल्यम एडवर्ड फ्रिअर हे त्याच्या दोन सदस्यांपैकी एक होते. दुसरे व्हिक्टर विल्यमसन. १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने अर्जदारांच्या मुख्य तक्रारी खऱ्या ठरविल्या आणि पोलीस, न्यायाधिकारी व संरक्षकाचे खाते या सर्वांना दोष दिला. त्यानंतर १८७८ चा मजूर कायदा झाला. त्याने बंधने सैल केली. सर्वस्वी नाहीशी केली नाहीत.

पाळत ठेवण्यासाठी काढलेली ती छायाचित्रे व नोंदी आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या असून त्यांच्याच आधारे मजुरांचे वंशज आपल्या पूर्वजांची गावे शोधीत असतात. एका कागदाअभावी ज्यांना डांबले, त्यांचे अस्तित्व पुढच्या पिढ्यांना कागदानेच कळावे, हा इतिहासातील विपर्यासच म्हटला पाहिजे.

देखरेखीचा अधिकारी नेमला म्हणजे देखरेख झाली, हा समज या प्रकरणाने खोटा ठरविला. देखरेख करणारा कोंडणाऱ्याहून वेगळा असला पाहिजे आणि कोंडलेल्याचा आवाज भिंतीबाहेर पोचला पाहिजे. या दोन्हींचा अभाव असताना तीस वर्षांचे संरक्षण जे करू शकले नाही, ते एका अर्जाने सुरू केले.