चुलीपासून इंडक्शनपर्यंत

नवी शेगडी घ्यायची म्हटले की आज प्रश्न पडतो : गॅस की इंडक्शन? हा प्रश्न तसा प्रत्येक पिढीपुढे वेगळ्या रूपात येऊन गेला आहे.

माझ्या लहानपणी अम्मी चूल फुंकायची. फुंकणीने जाळ धरायचा आणि डोळ्यांना पदर लावायचा. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ मध्ये काढलेल्या प्रायमसचा तो वंशज. धूर गेला, भडक्याची धास्ती आली. मुंबईत बर्मा शेलने १९५५ च्या सुमारास सिलिंडरचा गॅस आणला, १९६५ मध्ये इंडेन आले. तरी नंबर लागायला आमच्यासारख्यांना वर्षे मोजावी लागली. खेड्यांतल्या कितीतरी घरांत तर २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतरच सिलिंडर पोचला.

इंडक्शनचे मूळ याहून जुने. विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध फॅरडेने १८३१ मध्ये लावला. शेगडीतल्या वेटोळ्यातून वेगाने उलटसुलट होणारी वीज वाहते आणि भांड्याच्या बुडातच उष्णता निर्माण होते. जाळ नसल्याने ती कमी वाया जाते. मात्र बुडाला लोहचुंबक चिकटले पाहिजे. नुसते तांबे, पितळ किंवा मातीचे भांडे तिथे चालत नाही.

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या वर्षी दूध उतू जाऊन गॅस विझला, बटण तसेच राहिले. शेजारणीला वास आला म्हणून निभावले. हा वास गॅसचा नव्हे. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण म्हातारपणी नाकही मंदावते. इंडक्शनवर भांडे उचलले की तापणे थांबते, म्हणून आम्ही ती आणली.

अम्मीने तिच्याकडे पाहिले आणि विचारले, “यावर भाकरी फुगणार कशी? वांगं कुठं भाजू? आणि लाइट गेली तर?”

तिन्ही प्रश्न रास्त होते. शेवटी चहा, दूध, भात इंडक्शनवर आणि भाकरीपुरता गॅस, तोही घरात दुसरे कोणी असताना, असे ठरले.

चूल गेली, स्टोव्ह आला, गॅस आला. प्रत्येक वेळी हिशेब घरातल्या पुरुषांनी मांडला. जिने आयुष्यभर विस्तव सांभाळला, तिला मात्र आम्ही या खेपेला पहिल्यांदाच विचारले.