वडिलोपार्जित धन आणि जक्कयाच्या दोन रकमा

श्रमिकांच्या हक्कांविषयी तळमळीने बोलणारा मनुष्य वडिलोपार्जित शेअरांच्या लाभांशावर जगतो असे कळले, की आपल्या लेखी त्याच्या शब्दांचे वजन तत्काळ उतरते. 'कोरडा पाषाण' म्हणून आपण त्याची वासलात लावतो आणि त्याने उपस्थित केलेल्या प्रश्नातूनही अलगद अंग काढून घेतो. प्रवचनात डाव्या विचारसरणीचा समाचार घेताना हे शस्त्र आम्हीही अनेकदा वापरले आहे. परंतु ते दुधारी आहे, हे इतिहास थोडा बारकाईने पाहिल्यावर आमच्या ध्यानी आले. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही दोन वारसांची हकीकत सांगणार आहोत आणि मग तेच माप ख्रिस्तसभेस लावून पाहणार आहोत.

पहिला वारस सर्वपरिचित आहे. फ्रीड्रिख एंगेल्स यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८२० रोजी जर्मनीतील बार्मेन या गावी झाला. वडील अत्यंत भाविक प्रॉटेस्टंट आणि त्याचबरोबर कारखानदार. मँचेस्टर येथील 'एर्मेन आणि एंगेल्स' या शिवणाच्या दोऱ्याच्या कंपनीत त्यांची भागीदारी होती. १८४२ च्या अखेरीस त्यांनी चिरंजीवांस धंदा शिकण्यासाठी तेथे धाडले. चिरंजीव धंदा तर शिकलेच, पण फावल्या वेळात कामगारांच्या वस्त्यांतून हिंडले आणि जे पाहिले त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. 'इंग्लंडमधील कामगारवर्गाची स्थिती' हा तो ग्रंथ १८४५ मध्ये लाइपझिग येथे प्रसिद्ध झाला.

१८५० मध्ये एंगेल्स पुन्हा त्याच कचेरीत रुजू झाले. लंडनमध्ये कार्ल मार्क्स यांचे कुटुंब दारिद्र्याने गांजले होते, आणि मित्राच्या हातून ग्रंथ पुरा व्हावयाचा तर कोणी तरी मिळवते असणे भाग होते. १८६० मध्ये वडील निवर्तले. जर्मनीतील कारखाना भावांकडे गेला. एंगेल्स १८६४ मध्ये मँचेस्टरच्या कंपनीत भागीदार झाले आणि ३० जून १८६९ रोजी धंद्यातून मोकळे झाले. तेव्हापासून मार्क्स यांना त्यांनी वर्षाला ३५० पौंड ठरवून दिले. त्याआधी दोन वर्षे, १८६७ मध्ये, 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला होता. कामगाराच्या श्रमातून मालकाचा नफा कसा निर्माण होतो हे उलगडणारा ग्रंथ अशा रीतीने त्याच नफ्याच्या भाकरीवर लिहिला गेला.

त्या भाकरीची मुळे दूरवर पसरली होती. १८६१ पर्यंत लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतील गुलामांनी वेचलेला असे. यादवी युद्धामुळे तो थांबला, तेव्हा मागणी हिंदुस्थानकडे वळली. आमच्या वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. त्या उद्योगाच्या नफ्यात कोणकोणाचा घाम मिसळला असेल, याची कल्पना यावरून यावी.

एंगेल्स यांनी यातील काहीही लपविले नाही. १८८३ मध्ये बर्नश्टाइन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट सांगितले, की आपण एके काळी कारखान्याचे भागीदार होतो याबद्दल क्षमा मागण्याचे कारण आपणांस दिसत नाही. शेअरबाजारात पक्षासाठी मोठी रक्कम मिळण्याची खात्री असती तर तेथेही आपण गेलो असतो. ५ ऑगस्ट १८९५ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्या मागे सुमारे २५,००० पौंडांची मालमत्ता होती व तिचा मोठा भाग शेअरांच्या रूपात होता. तीतील बराच वाटा मार्क्स यांच्या मुली व नातवंडांस गेला आणि १,००० पौंड जर्मन समाजवादी पक्षाच्या निवडणूककार्यास मिळाले. दांभिकाचे वर्तन असे नसते, हे मान्य करावयास हवे.

दुसरा वारस फारसा परिचित नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील चार्ल्स गार्लंड या एकवीस वर्षांच्या तरुणाने १९२० मध्ये सुमारे दहा लाख डॉलरांचा वारसा नाकारला; जे आपण मिळविले नाही ते आपले नव्हे, अशी त्याची भूमिका होती. परंतु नाकारलेला पैसा नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी हाती राहतो. पुढे गार्लंड यांनी तो स्वीकारला आणि १९२२ मध्ये रॉजर बॉल्डविन आदींच्या सहकार्याने एक निधी स्थापून सुमारे आठ लाख डॉलर त्याच्या स्वाधीन केले. त्यात न्यूयॉर्कच्या फर्स्ट नॅशनल बँकेचे शेअर होते. बाजार तेजीत होता. कामगार संघटनांना व कामगारांच्या वृत्तपत्रांना विश्वस्त पैसा देत असता बँकेचे शेअर चढतच होते. भांडवलशाहीविरुद्ध लढण्यासाठी दिलेला पैसा भांडवलशाहीच वाढवीत होती. १९४१ मध्ये निधी बंद झाला, तोवर मूळ रकमेहून कितीतरी अधिक वाटप झाले होते. कृष्णवर्णीयांच्या न्यायालयीन लढ्यासाठी १९३० मध्ये एक लाख डॉलर मंजूर झाले. मंदीमुळे त्यांतील थोडेच हाती आले, तथापि त्यातून आखली गेलेली कायदेशीर योजना शाळांतील वर्णभेद अवैध ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालापर्यंतच्या वाटेवरील महत्त्वाचा टप्पा ठरली.

या दोघांचा न्याय कसा करावा? यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. संत योहान क्रिसोस्तोम यांनी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रावरील प्रवचनांत हाच प्रश्न हाताळला आहे. श्रीमंताला ते विचारतात, की तुझे धन तुला बापाकडून मिळाले, त्याला आजाकडून. असे मागे मागे जाता शेवटी ते न्यायानेच मिळाले होते असे तू दाखवू शकशील काय? पूर्वजांच्या लोभाचा दोष ते वारसाला देत नाहीत. मात्र ते धन तो एकट्यासाठी राखून ठेवतो, याचा जाब विचारतात.

या कसोटीस आमचे दोन्ही वारस बऱ्याच अंशी उतरतात. पण लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाकडे पाहा. तो दोन वेगळ्या रकमा सांगतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत. पहिली रक्कम दान आहे, दुसरी परतफेड. दानात कोणाला द्यावयाचे हे देणारा ठरवितो. परतफेडीत ते आधीच ठरलेले असते. एंगेल्स व गार्लंड यांनी पहिली रक्कम उदार हाताने मोजली. दुसरी मोजलेली आम्हांस दिसत नाही. दोरा गुंडाळणाऱ्या हातांना त्या पैशाच्या विनियोगात शब्द नव्हता. अर्थात जक्कयाला आपले ऋणको व धनको ठाऊक होते. वारसाला ते शोधावे लागतात. तो शोध हेच वारसाचे विशेष कर्तव्य होय, असे आम्हांस वाटते.

आता हेच माप आपणांस लावू. इंग्लंडमध्ये गरीब धर्मगुरूंच्या साहाय्यार्थ १७०४ मध्ये 'क्वीन ॲन्स बाउंटी' हा निधी स्थापन झाला व १९४८ मध्ये तो चर्च कमिशनर्स या संस्थेत विलीन झाला. या संस्थेने स्वतःचेच जुने हिशेब तपासून घेतले, तेव्हा अठराव्या शतकात निधीचा मोठा पैसा साउथ सी कंपनीत गुंतविलेला आढळला. ही कंपनी आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून अमेरिकेत नेत असे. जानेवारी २०२३ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि दहा कोटी पौंडांचा निधी जाहीर करण्यात आला. त्या रोख्यांच्या व्याजात गुलामांच्या व्यापाराचा वाटा कितपत होता, यावर इतिहासकारांत वाद झाला. वाद व्हावाच, परंतु वही उघडल्याशिवाय तो होऊ शकला नसता.

आमच्या धर्मग्रामांतही मुदत ठेवी आहेत, भाड्याच्या इमारती आहेत, कोणी तरी मृत्युपत्राने दिलेल्या जमिनी आहेत. त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालतात, दवाखाने चालतात आणि आमची उपजीविकाही चालते. हे सारे टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती जमीन पूर्वी कोण कसत होते, ती कशी सुटली आणि त्यांचे वंशज आज कोठे आहेत, हे किती धर्मग्रामांच्या दप्तरात लिहिलेले आहे? धर्मशिक्षकांना गावातील वृद्ध माणसे परिचित असतात. ही विचारपूस आरंभण्यास त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. जे कळेल ते धर्मग्राम समितीपुढे ठेवावे आणि उत्पन्नाच्या विनियोगाचा विचार करताना त्या कुटुंबांनाही बोलवावे. एवढे केल्यावर डाव्या मित्रांच्या शेअरांविषयी बोलावयाचे असेल तर अवश्य बोलू. तोवर कुसळ आणि मुसळ यांविषयीचे प्रभूचे वचन आम्हांसच लागू आहे.