आठ नंबरचा अँटेना कोणता?

समजा, तुम्ही रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करायचं ठरवलंय. पहिल्याच महिन्यात जीएमआरटी दुर्बिणीचा डेटा हातात आला, सोबत गटातल्या कुणा ज्येष्ठाची जुनी टिपणं. त्यात एक ओळ: ‘खराब अँटेना – ८’. कॉलेजात पायथॉन शिकलेले तुम्ही, नव्या सॉफ्टवेअरमध्ये ८ टाकता. प्रोग्रॅम मुकाट्याने चालतो. फक्त एक चांगला अँटेना बाद झालेला असतो आणि खराब अँटेना तसाच राहिलेला असतो.

हे कसं होतं ते कळायला थोडा इतिहास लागतो. नवी भाषा शिकताना तिच्या लिहिण्याच्या रीती ‘सवयीचा भाग’ म्हणून आपण सोडून देतो ना, त्यांचाच हा इतिहास आहे.

आधी जागा बघा. पुण्याहून नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकलं की नारायणगाव येतं, तिथून आत खोडद. ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना. त्यातले १४ मधल्या चौकात, उरलेले पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भुजांवर, इंग्रजी वाय अक्षरासारखे पसरलेले. मधल्यांची नावं सी०० पासून सी१४ पर्यंत. मोजून बघा, पंधरा व्हायला हवेत. पण सी०७ नाहीच. पूर्वेला ई०१ नाही, दक्षिणेला एस०५ नाही. म्हणजे नाव आणि क्रमांक या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा डेटा वर्षानुवर्षं ‘एप्स’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताळला गेला. अमेरिकेतल्या एनआरएओ या संस्थेत १९७८ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं, आणि ते लिहिलं गेलं फोरट्रानमध्ये. फोरट्रान १९५७ सालची, आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने केलेली भाषा. गणितज्ञ मॅट्रिक्सच्या ओळी मोजतात तशीच ती एकपासून मोजते. त्यामुळे एप्समध्ये सी०० चा क्रमांक १, सी०१ चा २, असं सी०६ चा ७. मग सी०७ नसल्यामुळे सी०८ चा क्रमांक येतो ८! तिथून सी१४ पर्यंत नाव आणि क्रमांक योगायोगाने जुळतात. पूर्वेच्या भुजेवर पुन्हा फाटाफूट: ई०२ चा क्रमांक १५.

नंतर आलेलं ‘कासा’ आतून सी प्लस प्लसमध्ये आहे आणि वरून पायथॉनमध्ये. या घराण्यात मोजणी शून्यापासून. सी भाषेत क्रमांक म्हणजे सुरुवातीपासून किती घरं पुढे जायचं ते. पहिल्या घरासाठी शून्य घरं. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये मोजणी शून्यापासूनच का करावी यावर एक छोटं टिपण लिहिलं, ते जरूर वाचा, दहा मिनिटांत संपतं. तर, कासात सी०० चा क्रमांक ०, सी०८ चा ७, आणि ८ म्हणजे सी०९. टिपणात लिहिलेला आठ एप्सच्या काळातला असेल, तर तुम्ही शेजाऱ्याला शिक्षा दिलीत.

उलटा प्रवास आणखी वाईट. कासाची सवय घेऊन एप्समध्ये गेलात आणि सी०० साठी ० लिहिलं, तर तिथे शून्याचा अर्थ ‘सगळे’ असा आहे.

(याच तालुक्यात नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात आकडे कोरलेले आहेत. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही. ते कोरणाऱ्यांना हा प्रश्न पडलाच नसता.)

माझ्या मते रीती तीन प्रकारच्या असतात, आणि शिकताना त्या वेगळ्या ओळखाव्यात. पहिली, जी मोडली तर यंत्र अडवतं: पायथॉनमध्ये ओळ आत सरकवायला विसरलात की लगेच बोंब. दुसरी, जी मोडली तर माणसं नाक मुरडतात: चार जागांऐवजी दोन जागा सोडणं वगैरे. तिसरी मोडली तर यंत्रही गप्प, माणसंही गप्प. मोजणी त्यातली. कासातच बघा, चॅनलची निवड नागमोडी रेघेने १० ते २०० अशी केली तर २०० वा चॅनल धरला जातो. तीच निवड पायथॉनच्या यादीत कोलन घालून केली तर २०० वा बाहेर. एकाच स्क्रिप्टमध्ये, चार ओळींच्या अंतरावर, दोन वेगळ्या रीती!

दुसऱ्या प्रकारातल्या रीती निरुपद्रवी वाटतात, पण त्यांचीही मुळं खोल असतात. खोडदचा कच्चा डेटा आधी फिट्स या स्वरूपात बदलला जातो. फिट्सचा मूळ निबंध १९८१ चा. त्याच्या शीर्षभागातली प्रत्येक ओळ नेमकी ८० अक्षरांची. पहिली ८ अक्षरं नावाला, नवव्या जागी बरोबरचं चिन्ह. अशा ३६ ओळी मिळून २८८० बाइटचा एक ठोकळा. ही ८० कुठून आली? आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डात ८० स्तंभ होते, तिथून. फिट्समध्ये या ओळीला आजही ‘कार्ड’च म्हणतात. आणि २००१ साली पायथॉनवाल्यांनी लेखनाची नियमावली केली, पेप ८, तिच्यात ओळीची मर्यादा ७९. ती ८० स्तंभांच्या पडद्यांवरून आली, आणि त्या पडद्यांची रुंदी पुन्हा कार्डावरूनच.

आपल्याला हे अगदीच नवं नाही. मोडी वाचायला शिकलेल्याला विचारा. आधी आडवी रेघ आखलेली, तिच्याखाली अक्षरं सलग, शब्द तोडलेले नाहीत. बालबोधीची सवय असलेला डोळा शब्दांमधली मोकळी जागा शोधत बसतो.

एप्सची आज्ञा मोठ्या अक्षरांत, जास्तीत जास्त पाच अक्षरांची: इमॅजर, कॅलिब, स्प्लिट. कासात सगळं छोट्या लिपीत आणि नावं ऐसपैस. हा बदल एका उडीत झाला नाही. १९९० च्या दशकात एप्स प्लस प्लस नावाचा प्रकल्प आला. सुरुवातीच्या भागीदारांत जीएमआरटी उभारणारी टीआयएफआर होती. त्याने आज्ञांसाठी ग्लिश नावाची भाषा वापरली. ती टिकली नाही. पुढे कासा झालं तेव्हा तिच्या जागी पायथॉन आलं. तरीही कासाच्या खिडकीत आजसुद्धा आयएनपी लिहून पॅरामीटर बघता येतात आणि गो लिहून काम सुरू करता येतं. पायथॉनला या दोन शब्दांची गरज नव्हती. एप्समध्ये बोटं मुरलेल्या माणसांना होती.

दोन्ही रीती एकत्र नांदवायचा प्रयत्न बघायचा असेल तर पार्सलटंग बघा. हा पायथॉनमधून एप्स चालवायचा मार्ग. पायथॉनची यादी शून्यापासून, एप्सची एकपासून. मग केलं काय, तर यादीतलं शून्यावं घर रिकामं ठेवलं. तिथे ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असं लिहायचं आणि खरी यादी त्याच्या पुढून. ह्यूब इंटेमा यांची स्पॅम ही प्रणाली याच मार्गाने एप्स चालवते. तिच्यातून खोडदचं १५० मेगाहर्ट्झचं आकाश सर्वेक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांच्या यादीसकट.

त्या जुन्या टिपणातला आठ सोडवायचा तर आधी पाहा, आजूबाजूला आज्ञा कशा लिहिल्यात. मोठी, तोकडी अक्षरं दिसली तर तो सी०८. नंतर एप्समध्ये प्रिंटॅन किंवा कासात लिस्टऑब्ज चालवून नाव आणि क्रमांकांचा तक्ता काढा. आणि तुमच्या वहीत ८ लिहू नका, सी०८ लिहा.