मुंबईची रात्रींची ट्राम

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहें व दुसऱ्या तीरावर आपली अष्टमी. येथें ट्राम कधींच धावली नाहीं. परंतु रोह्यास आगगाडी आली ती १९८६ सालीं. तत्पूर्वीं चाकरीसाठीं मुंबई गांठणारा येथील माणूस पुष्कळदां धरमतरहून बोटीनें जाई, आणि धक्क्यावर उतरून शहरांत शिरला म्हणजे जीं नवलें त्याच्या दृष्टीस पडत त्यांत ट्राम हें एक असे. म्हणून त्या गाडीचा, विशेषतः तिच्या रात्रींच्या फेऱ्यांचा, वृत्तांत येथें देणें अस्थानीं होणार नाहीं.

मुंबईंत ट्राम आणण्याची खटपट प्रथम १८६५ सालीं झाली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, शहरांतील कित्येक पेढ्या बुडाल्या, आणि त्यांबरोबर ती योजनाहि बारगळली. पुढें स्टर्न्स आणि किट्रेज या मंडळींनीं काम अंगावर घेतलें व ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीसच. तबेल्यांत ९०० घोडे होते. भाडें आरंभीं ३ आणे असे. उतारूंची संख्या वाढतांच तें २ आण्यांवर आलें. उन्हाळ्यांत घोड्यांच्या डोक्यांवर टोप्या घालीत. त्याच उन्हांत रस्ता खणणाऱ्या मजुरांना कोणी टोप्या वांटल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं.

७ मे १९०७ रोजीं सायंकाळीं विजेची पहिली ट्राम निघाली, आणि तेव्हांपासून ट्रामच्या रात्रीला खरें रूप आलें. घोडा दमतो, त्याला दाणावैरण व विसांवा लागतो. विजेला तसें कांहीं लागत नाहीं. वर तार, खालीं रूळ. तारेला टेकलेल्या दांड्यावाटे वीज गाडींत यावी, यंत्र फिरवून रुळांवाटे परत जावी, एवढीच काय ती रचना. दिवसां गर्दीच्या गोंगाटांत तिच्याकडे कोणी पाहत नसे. रात्रीं मात्र तारांच्या सांध्यावरून दांडा सरकला कीं निळी ठिणगी उडे, व क्षणभर बंद दुकानांच्या फळ्या उजळून निघत. चालक पायानें घंटा ठोकी. निजलेल्या रस्त्यांत ती दूरवर ऐकूं जाई. मार्गाच्या टोकास गाडी वळवावी लागत नसे. दांडा फिरवावयाचा, चालकानें दुसऱ्या टोकास जाऊन उभें राहावयाचें, कीं निघाली गाडी परत. सप्टेंबर १९२० पासून दुमजली ट्रामहि धावूं लागल्या.

या वेळचे उतारू कोण असत? गिरगांव व ग्रँट रोडकडे संगीत नाटकांचे प्रयोग रात्रीं उशिरांपर्यंत रंगत. शेवटची ट्राम हुकली तर व्हिक्टोरियाचें भाडें परवडत नसलेल्या रसिकास घरापर्यंत पायपीटच. पण अधिक महत्त्वाचा उतारू तो गिरणींतला. बोरीबंदराहून दादरकडे जाणारी वाट भायखळ्यास ग्लोरिया चर्चच्या (सध्यांची इमारत १९१३ ची) परिसरांतून पुढें लालबाग व परळ या गिरण्यांच्या वस्तींत शिरे. पाळी सुटलेला कोंकणी माणूस तेथें घामेजलेल्या अंगानें थोडक्या पैशांत चढूं शके. शिवाय नवख्याला ट्रामचा एक आधार असे, जो बसला नाहीं. खिशांत पैसा नसला, पाटी वाचतां येत नसली, तरी रूळ धरून चालत राहिल्यास तो वस्तीच्या जवळपास खात्रीनें पोंचे.

१५ जुलै १९२६ रोजीं मोटारबस सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं विजेसह हा सारा कारभार नगरपालिकेच्या हातीं आला. तोंवर मोटारी वाढल्या होत्या, आणि ट्राम रस्ता अडविते, अशी ओरड होऊं लागली होती. तींत तथ्य नव्हतें असें नाहीं, कारण रुळावरची गाडी कोणासाठींहि बाजूस सरत नाहीं. तथापि त्या रस्त्यावर मोटारीच्या कितीतरी आधींपासून ट्राम होती, हें त्या ओरडींत कोणी जमेस धरलें नाहीं. एका मोटारींत दोन माणसें बसत. दुमजली ट्रामींत त्यांच्या कित्येक पटींनीं. कोण कोणाचा रस्ता अडवीत होता, याचा निवाडा माणसें मोजून झाला असता तर कदाचित् निराळा लागता. मद्रासेची ट्राम १९५३ सालींच बंद पडली होती. कलकत्त्याची पुढें कित्येक दशकें टिकली.

मुंबईची अखेरची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं रात्रीं बोरीबंदराहून दादरास गेली. तिला निरोप देण्यास लोकांनीं रस्त्यावर गर्दी केली होती. जी गाडी नकोशी झाली म्हणून काढली, तिच्यासाठीं एवढीं माणसें झोंपमोड करून कां उभीं राहिलीं, हें कोणत्याहि जमाखर्चांत लिहिलेलें सांपडावयाचें नाहीं.

सगळे रूळ कांहीं उखडले गेले नाहींत. २०१७ सालीं हुतात्मा चौकानजीक रस्ता खणतांना डांबराखालून ते पुन्हा वर आले. दादरास ज्या चौकाला लोक आजहि टी. टी. म्हणतात, तीं अक्षरें ट्राम टर्मिनसचीं. अष्टमीहून गेलेला तरुणहि तेथें कोणास भेटावयाचें असलें म्हणजे तेंच नांव सांगतो.