बागेचा हजेरीपट

दिल्लीतील राष्ट्रपतिभवनामागचे उद्यान आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. लट्येन्स यांनी त्याचा आराखडा १९१७ साली सिद्ध केला. लागवड मात्र विल्यम मस्टो या उद्यानाधिकाऱ्याच्या साहाय्याने १९२८-२९ मध्ये झाली. २०२३ साली त्यास 'अमृत उद्यान' हे नाव मिळाले. आराखडा करणारा आणि लागवड करविणारा इतिहासात राहिले. खुरपे चालविणारा केवळ संख्येने उरला. व्हाइसरॉयच्या काळी तेथे ४१८ माळी होते आणि त्यांतील ५० मुले निव्वळ पाखरे हाकण्यास ठेवलेली होती, असे लेखक नमूद करतात.

बागकामास शेवट नसतो. इमारत पुरी झाली की गवंडी निरोप घेतो. हिरवळ मात्र कापली तरी पुन्हा वाढते. काम असे बारमाही. पण ते करणारा पुष्कळदा रोजंदारीवर. मी सरकारी नोकर आहे. नोकरीच्या आरंभी एका कचेरीच्या बागेचा हजेरीपट माझ्यापुढे सहीसाठी येत असे. 'तात्पुरते' म्हणून नोंदलेल्या त्याच माणसांचे अंगठे मी वर्षानुवर्षे पाहिले, आणि सही करीत राहिलो.

राजधानीतील अनेक सरकारी बागांची निगा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते राखते. त्या खात्यातील रोजंदारी कामगारांनी आपले गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात नेले. समान कामास समान वेतन हे अमूर्त तत्त्व असून न्यायालयाकरवी ते अंमलात आणता येत नाही, असा युक्तिवाद सरकारतर्फे झाला. १७ जानेवारी १९८६ रोजी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो फेटाळला. तेच काम करणाऱ्या कायम सेवकांइतके वेतन व भत्ते त्यांना द्यावेत, असा आदेश झाला. आणि सहा महिन्यांहून अधिक अखंड सेवा झालेल्यांना सरकार कायम करील, अशी आशा न्यायालयाने व्यक्त केली.

वेतनाविषयी आदेश होता, कायमपणाविषयी केवळ आशा. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरला. २००६ साली उमादेवी खटल्यात घटनापीठाने सांगितले, की नुसत्या दीर्घ सेवेने कायम होण्याचा हक्क मिळत नाही. २०१६ साली जगजितसिंग खटल्यात, तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या सेवकासही वेतनश्रेणीचा किमान टप्पा देय ठरला. म्हणजे आजच्या मजुरीची दाद लागली. उद्याच्या भाकरीची शाश्वती लागली नाही.

ती देणे आम्हां अधिकाऱ्यांच्या व शासनाच्या हाती आहे. बारमाही कामापुढे 'तात्पुरता' हा शब्द लिहिताना निदान आमची लेखणी अडखळावी.